मुंबई किती दूर?

मुलांनो, छत्रपती संभाजीनगरहून, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादहून, मुंबई किती दूर आहे? प्रश्न अगदी सोपा दिसतो. पण तो तीन जणांना विचारा आणि गंमत पाहा. एसटीचा चालक सांगेल, नाशिकवरून गेलात तर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. रेल्वेचा कारकून म्हणेल, सुमारे ३७५ किलोमीटर. चिकलठाण्याच्या विमानतळावरचा वैमानिक मात्र म्हणेल, २८० किलोमीटर. आता यांतला खोटे कोण बोलतो?

कोणीच नाही. शहरे दोनच आहेत, पण त्यांच्यामधली अंतरे तीन आहेत. आणि वेळेचा प्रश्न विचारलात, तर उत्तरे आणखी वेगळी येतील. आज आपण याच गोष्टीचा हिशेब करणार आहोत. भूगोल, गणित आणि थोडासा इतिहास असे तीनही विषय आपल्याला त्यासाठी लागतील. वही-पेन्सिल जवळ ठेवा.

आधी रेल्वेचे अंतर घेऊ. महाराष्ट्राचा नकाशा उघडा. मुंबई आपल्या शहराच्या पश्चिमेला आणि थोडी दक्षिणेला आहे. पण आपली गाडी स्टेशनातून निघाल्यावर कुठे जाते? ती जाते वायव्येला, मनमाडकडे. म्हणजे मुंबईपासून तोंड जरा फिरवूनच ती निघते. सुमारे ११३ किलोमीटर गेल्यावर मनमाड येते. तिथून गाडी नाशिक, इगतपुरी, कसारा घाट असे करत दक्षिणेकडे वळते आणि आणखी सुमारे २६० किलोमीटर गेल्यावर मुंबईला पोहोचते. हा वळसा का? कारण हा लोहमार्ग मुळात मुंबईसाठी टाकलाच नव्हता. १९०० च्या सुमारास निजामाच्या राज्यात मनमाडपासून हैदराबादच्या दिशेने हा मार्ग घातला गेला. तोही अरुंद, मीटरगेजचा. मुंबईचा मार्ग रुंद होता. त्यामुळे जवळजवळ नव्वद वर्षे आपल्या शहराच्या माणसाला मनमाडला उतरून, सामान उचलून, दुसऱ्या गाडीत बसावे लागे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला इथला मार्ग रुंद झाला आणि मनमाडची ही धावपळ थांबली. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. मनमाडच्या फलाटावर काढलेल्या रात्री पुष्कळांना आठवत असतील.

रस्ता लोहमार्गापेक्षा जरा सरळ असतो, कारण मोटारीला आगगाडीपेक्षा तीव्र वळणे आणि चढ चालतात. पण रस्त्यालाही डोंगर चुकवावे लागतात, नदीवर पूल जिथे सोयीचा तिथेच जावे लागते, वाटेतली गावे जोडावी लागतात. विमानाला यातले काही नाही. म्हणून त्याचे अंतर सर्वांत कमी. दोन ठिकाणांमधल्या या सरळ अंतराला ‘हवाई अंतर’ म्हणतात.

हे हवाई अंतर मोजायला कोणी आकाशात फीत धरून जात नाही. ते कागदावर काढता येते आणि तुम्हालाही काढता येईल. त्यासाठी अक्षांश आणि रेखांश हवेत. घाबरू नका. तुमच्या उर्दू भूगोलात ज्याला अर्जुलबलद म्हणतात तोच अक्षांश, आणि तूलुलबलद म्हणजेच रेखांश. विषुववृत्त म्हणजे तुमचे खत्ते-इस्तिवा. शब्द बदलले तरी पृथ्वी तीच आहे.

चिकलठाणा विमानतळाचा अक्षांश १९.८६ अंश उत्तर आणि रेखांश ७५.४० अंश पूर्व आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळाचा अक्षांश १९.०९ अंश उत्तर आणि रेखांश ७२.८७ अंश पूर्व आहे. आता वजाबाकी करा. अक्षांशांतला फरक ०.७७ अंश. रेखांशांतला फरक २.५३ अंश.

अक्षांशाचा एक अंश म्हणजे जमिनीवर सुमारे १११ किलोमीटर. हा आकडा माणसाने मोठ्या कष्टाने मिळवला आहे. नवव्या शतकात बगदादचा खलिफा मामून याने सिंजारच्या सपाट मैदानात आपले ज्योतिषी पाठवले होते. एक तुकडी सरळ उत्तरेला चालत गेली, दुसरी दक्षिणेला. आकाशातली उंची बरोबर एक अंशाने बदलेपर्यंत ते चालले आणि चाललेले अंतर त्यांनी मोजले. आपल्या देशात हेच काम विल्यम लॅम्बटन यांनी १८०२ साली मद्रासजवळ सुरू केले. साखळ्या आणि मोठाली यंत्रे घेऊन ते वर्षानुवर्षे उत्तरेकडे सरकत राहिले. १८२३ साली काम चालू असतानाच आपल्या विदर्भातल्या हिंगणघाट येथे त्यांचा मृत्यू झाला. त्यांची कबर तिथेच आहे.

रेखांशाचे मात्र वेगळे आहे. जालन्याची मोसंबी सोलून पाहा. तिच्या फोडी मधोमध रुंद असतात आणि दोन्ही टोकांना निमुळत्या होत जातात. रेखांशांच्या मधली जागा तशीच असते. विषुववृत्तावर एक अंश म्हणजे १११ किलोमीटर, आणि ध्रुवावर शून्य. आपल्या अक्षांशावर तो सुमारे १०५ किलोमीटर भरतो.

आता गुणाकार. ०.७७ गुणिले १११, म्हणजे सुमारे ८५ किलोमीटर. एवढी मुंबई आपल्या दक्षिणेला आहे. २.५३ गुणिले १०५, म्हणजे सुमारे २६६ किलोमीटर. एवढी ती आपल्या पश्चिमेला आहे. कागदावर या दोन बाजू काढा. त्यांच्यात काटकोन आहे. तिसरी तिरपी बाजू म्हणजे विमानाची वाट. ती काढायला फीसागोरसचा सिद्धांत तुम्ही शिकलाच आहात. ८५ चा वर्ग ७२२५, २६६ चा वर्ग ७०७५६. बेरीज ७७९८१. तिचे वर्गमूळ सुमारे २७९. वैमानिकाने २८० सांगितले होते. वहीतल्या चार ओळींत तुम्ही त्याच्यापर्यंत पोहोचलात!

या २.५३ अंशांचा एक परिणाम तुम्ही दरवर्षी पाहता. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात. म्हणून आपल्याकडे सूर्य मावळल्यावर सुमारे दहा मिनिटांनी तो मुंबईत मावळतो. रमजानमध्ये मुंबईचे नातेवाईक फोनवर म्हणतात, “तुमचा इफ्तार झाला? आमचा अजून व्हायचा आहे.” त्या दहा मिनिटांत हेच २६६ किलोमीटर लपलेले आहेत.

एक सूचना मात्र लक्षात ठेवा. सपाट कागदावर काटकोन काढून अंतर शोधण्याची ही रीत थोड्या अंतरासाठीच चालते. पृथ्वी गोल आहे. फार दूरच्या शहरांसाठी पृथ्वीगोल घ्या आणि दोन शहरांवर एक दोरा ताणून धरा. दोरा जिथून जाईल ती सर्वांत जवळची वाट. भारतातून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडे दोरा ताणला, तर तो थेट उत्तर ध्रुवाकडे चढतो. भिंतीवरच्या नकाशात हे कधीच दिसत नाही. जानेवारी २०२१ मध्ये कॅप्टन झोया अगरवाल आणि त्यांच्या सहकारी महिला वैमानिकांनी सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळूरूपर्यंतचे सुमारे १४ हजार किलोमीटरचे अंतर उत्तर ध्रुवावरूनच पार केले.

आपण आपल्या २८० किलोमीटरकडे परत येऊ. आता वेळ काढायची आहे. जेट विमान उंचावर ताशी सुमारे ८०० किलोमीटर जाते. वेळ काढण्याचे सूत्र सर्वांना पाठ आहे. अंतर भागिले वेग, म्हणजे तुमच्या भाषेत फासला आणि रफ्तार. २८० भागिले ८००, म्हणजे ०.३५ तास. मिनिटे करा. एकवीस!

पण विमानांचे वेळापत्रक पाहा. तिथे मुंबईच्या प्रवासाला सुमारे एक तास दाखवलेला असतो. कधी त्याहून पाच-दहा मिनिटे जास्तच. मग बाकीची चाळीस मिनिटे गेली कुठे? आपला भागाकार तर चुकलेला नाही.

भागाकार बरोबर आहे, पण विमान पूर्ण वाटभर ८०० च्या वेगाने जात नाही. पहिली गोष्ट म्हणजे वेळापत्रकातली वेळ विमान उडाल्यापासून मोजत नाहीत. विमान उभे असताना त्याच्या चाकांना ठोकळे लावलेले असतात. ते काढून विमान हलले की घड्याळ सुरू होते, आणि मुंबईला पुन्हा थांबल्यावर ते बंद होते. मधल्या काळात विमान जमिनीवर हळूहळू चालत धावपट्टीच्या टोकापर्यंत जाते. तिथे परवानगीची वाट पाहते. मुंबईत उतरल्यावरही त्याला तसेच चालत जाऊन आपली जागा गाठावी लागते. ही मिनिटे हवाई अंतरात येत नाहीत, पण प्रवाशाच्या आयुष्यात येतात.

दुसरी गोष्ट, विमान कोणत्या दिशेने उडते? चिकलठाण्याची धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे. तिच्या एका टोकावर ०९ आणि दुसऱ्या टोकावर २७ असे आकडे रंगवलेले असतात. त्यांच्यापुढे एक शून्य लावा. ९० अंश म्हणजे होकायंत्रातली पूर्व आणि २७० अंश म्हणजे पश्चिम. जगातल्या सगळ्या धावपट्ट्यांवर असेच आकडे असतात. विमान नेहमी वाऱ्याच्या विरुद्ध तोंड करून उडते, कारण समोरून येणारा वारा पंखांना उचलायला मदत करतो. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून येतो. तेव्हा विमान पश्चिमेला धावते आणि उडताच मुंबईच्या वाटेला लागते. पण वारा पूर्वेचा असला, तर मुंबईला निघालेले विमान आधी जालन्याकडे तोंड करून उडते आणि मग आकाशात मोठा वळसा घेऊन परत फिरते. पतंग उडवणाऱ्या मुलाला हे वेगळे समजावून सांगायला नको.

तिसरी गोष्ट चढ आणि उतार. विमान जमिनीवरून उठते तेव्हा त्याचा वेग ताशी २५० किलोमीटरच्या जवळपास असतो. दहा हजार फुटांच्या खाली असेपर्यंत साधारणतः ताशी ४६० किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने जायचे नाही, असा नियम आहे. तीस हजार फुटांवरून खाली उतरायला विमानाला सुमारे १६० ते १८० किलोमीटरची वाट लागते. वर चढायलाही जवळजवळ तेवढीच. या दोन्हींची बेरीज करा. तीनशेच्या वर जाते. आणि आपल्याकडे वाट आहे अवघी २८० किलोमीटरची! म्हणून मुंबईला जाणारे विमान सहसा तेवढ्या उंचीवर जातच नाही. त्याच्या खालीच थोडा वेळ सरळ जाते आणि लगेच उतरू लागते. जिना चढून गच्चीवर पाय ठेवला नाही, तोच खाली बोलावणे यावे, तसे हे आहे.

शेवटची गोष्ट मुंबईची. तिथे दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. म्हणून एका वेळी एकीवरच काम चालते. देशातल्या सर्वांत गजबजलेल्या विमानतळांपैकी तो एक आहे. साऱ्या दिशांनी विमाने येतात आणि त्यांना एका रांगेत लावावे लागते. रांग लांब असली की आपल्या विमानालाही आकाशात फेरी मारायला सांगतात. खाली घाटकोपर-कुर्ल्याच्या वस्त्या दिसत असतात आणि विमान मात्र पुन्हा वळून दूर जाते.

हे सगळे मिळून ती चाळीस मिनिटे होतात.

आता एक चांगला प्रयोग करू. हीच चाळीस मिनिटे दिल्लीच्या प्रवासातही आहेत का, ते पाहू. चिकलठाणा ते दिल्ली हे हवाई अंतर सुमारे ९८० किलोमीटर आहे. मुंबईच्या साडेतीन पट. ९८० भागिले ८००, म्हणजे एक तास आणि तेरा-चौदा मिनिटे. वेळापत्रकात मात्र जवळजवळ दोन तास असतात. वजाबाकी केली तर पुन्हा चाळीस-पंचेचाळीस मिनिटेच उरतात! म्हणजे जमिनीवरचे चालणे, चढणे, उतरणे आणि रांग यांना लागणारा वेळ जवळचा प्रवास असो की लांबचा, साधारण सारखाच. म्हणून अंतर साडेतीन पट झाले तरी वेळ दुप्पटच झाली. हवाई प्रवासाचा खरा फायदा लांब जाणाऱ्याला होतो, जवळ जाणाऱ्याला कमी होतो.

दिल्लीचे नाव निघाले, तर दौलताबादची आठवण येणारच. आपल्या शहरापासून तो किल्ला फार लांब नाही. सहलीला तुम्ही गेलाच असाल. १३२७ साली सुलतान मुहम्मद बिन तुघलक याने दिल्लीची राजधानी दौलताबादला आणली. दिल्लीच्या पुष्कळ लोकांना घरदार सोडून या वाटेने यावे लागले. पुढे काही वर्षांनी इब्न बतूता हा प्रवासी याच वाटेने आला. दिल्ली ते दौलताबाद हे अंतर त्याने किलोमीटरमध्ये किंवा कोसांत नाही, तर दिवसांत सांगितले आहे. चाळीस दिवस. त्या काळी प्रवाशाला तेच माप उपयोगी होते. कोस किती आहेत यापेक्षा मुक्काम किती करायचे आहेत, पीठ किती बरोबर घ्यायचे आहे, हे त्याला माहीत असणे जास्त गरजेचे होते. आपले ९८० किलोमीटर चाळीसने भागा. दिवसाला सुमारे २५ किलोमीटर येतात. वाट वळणाची होती, म्हणून माणसे प्रत्यक्षात त्याहून जास्तच चालली असतील. लहान मुले, म्हातारी माणसे आणि आजारी माणसेसुद्धा.

जुने माप गेले असे मात्र समजू नका. “पुणे किती लांब?” असे विचारले, तर आपण आजही “पाच तास” असेच उत्तर देतो.

विमान वाटेत थांबले की काय होते, तेही पाहा. प्रत्येक थांब्याला चढणे, उतरणे आणि रांग पुन्हा आलीच. १९९० च्या दशकात पर्यटकांच्या सोयीसाठी एक विमान दिल्लीहून निघून जयपूर, उदयपूर आणि औरंगाबाद असे थांबत मुंबईला जाई. २६ एप्रिल १९९३ रोजी त्याच मार्गावरचे इंडियन एअरलाइन्सचे बोइंग ७३७ विमान दुपारी चिकलठाण्याहून मुंबईसाठी धावू लागले. विमानात ११८ माणसे होती. एप्रिलची दुपार होती. तापलेली हवा विरळ असते आणि ती पंखांना कमी उचलते. अशा वेळी विमानाला जास्त लांब धावावे लागते. ते जमिनीवरून उशिरा उठले. धावपट्टीच्या टोकापलीकडच्या रस्त्याने कापसाच्या गाठी भरलेला एक ट्रक चालला होता. विमान त्याला धडकले, पुढे विजेच्या तारांना लागले आणि कोसळले. ५५ माणसे मरण पावली. ६३ वाचली. विमान वेळेवर उचलले गेले नाही आणि विमानाच्या वेळी रस्त्यावरची वाहतूक अडवलेली नव्हती, अशी दोन्ही कारणे नंतरच्या चौकशीत पुढे आली. शहरातल्या जुन्या माणसांना तो दिवस अजून आठवतो.

उडण्यापूर्वी विमानाचे वजन किती, हवा किती तापली आहे, धावायला किती मीटर लागतील, याचा हिशेब वैमानिक दर वेळी करतो. नियंत्रण कक्षाची परवानगी येईपर्यंत तो विमान हलवत नाही. आत बसलेले प्रवासी तेवढ्यात घड्याळ पाहून कुरकुर करू लागतात. आपल्या भागाकारात न बसणाऱ्या चाळीस मिनिटांपैकी काही मिनिटे अशी आहेत. ती कमी करावीत असे मला तरी वाटत नाही.

आता सामान्य प्रवाशाचा हिशेब. त्याला विमानाच्या वेळेआधी दोन तास तरी विमानतळावर जावे लागते. घरापासून चिकलठाण्यापर्यंत अर्धा तास धरा. तपासणी, प्रतीक्षा, मग तासाभराचा प्रवास. मुंबईला उतरून सामान घ्यायला अर्धा तास आणि तिथल्या गर्दीतून इच्छित जागी जायला एक तास. बेरीज झाली पाच तास! एकवीस मिनिटांपासून आपण निघालो आणि पाच तासांवर आलो. वेगवान रेल्वेगाडीही सहा तासांच्या आत-बाहेर मुंबईला नेते. नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग आपल्या शहराजवळून जातो. ५ जून २०२५ रोजी त्याचा शेवटचा टप्पा खुला झाला, तेव्हापासून मोटारीचा वेळही कमी झाला आहे. तेव्हा ज्याला मुंबईला लग्नाला जायचे आहे, त्याने डोळे मिटून विमानाचे तिकीट काढण्याआधी हा हिशेब एकदा करावा. पैसे वाचतील आणि खिडकीतून कसारा घाटही दिसेल.

पण एक प्रवासी असा आहे की त्याच्यासाठी हा हिशेब अगदी उलटा होतो. तो प्रवासी म्हणजे माणसाचे हृदय.

अपघातात किंवा आजारात एखाद्याचा मेंदू कायमचा थांबतो. डॉक्टर तसे जाहीर करतात. अशा वेळी घरच्या माणसांनी, दुःखात असतानाही, अवयव देण्याचे ठरवले, तर दुसऱ्या कोणाचा तरी जीव वाचू शकतो. आपल्या शहरातून असे अवयव विमानाने मुंबईला पाठवले गेले आहेत. मूत्रपिंड बर्फात ठेवले तर सुमारे एक दिवस टिकते. ते मोटारीने नेले तरी चालते. यकृताला त्याहून कमी वेळ मिळतो. हृदयाला फक्त चार तास. एका छातीत ते थांबल्यापासून दुसऱ्या छातीत ते पुन्हा धडधडू लागेपर्यंत सुमारे चार तास, आणि त्यांतला तासभर तरी शस्त्रक्रियेतच जातो. उरले तीन. मोटारीचा प्रवास यात बसत नाही. रेल्वेचा तर नाहीच.

म्हणून त्या दिवशी सगळे मिळून ती जास्तीची मिनिटे एकेक करून खोडतात. रुग्णालयापासून चिकलठाण्यापर्यंतच्या प्रत्येक चौकात पोलीस उभे राहतात आणि जालना रस्ता रिकामा करतात. नेहमी अर्धा तास घेणारी वाट रुग्णवाहिका काही मिनिटांत कापते. तिथे तपासणीची रांग नसते, सामानाची वाट पाहणे नसते. हृदयाचा डबा थेट विमानापाशी जातो. मुंबईच्या आकाशातल्या रांगेत अशा विमानाला आधी उतरू देतात. उतरल्यावर तिथलेही रस्ते मोकळे केलेले असतात. वजन, हवा आणि धावपट्टी यांचा वैमानिकाचा हिशेब मात्र तसाच पूर्ण केला जातो. त्यातले एक मिनिटही कोणी कापत नाही.

जालना रस्त्यावर कधी पोलिसांनी तुमची रिक्षा अशी अचानक अडवली, आणि समोरून एक रुग्णवाहिका शिटी वाजवत विमानतळाकडे गेली, तर घड्याळ पाहा आणि मनात मोजायला लागा. तास-सव्वा तासाने ते हृदय मुंबईत उतरलेले असेल.

करून पाहा

नागपूर विमानतळाचा अक्षांश २१.०९ अंश उत्तर आणि रेखांश ७९.०५ अंश पूर्व आहे. आपल्या शहरापासून नागपूरचे हवाई अंतर काढा. रेखांशाचा एक अंश इथे १०४ किलोमीटर धरा. उत्तर चारशेच्या थोडे वर आले पाहिजे. मग विमानाला किती वेळ लागेल ते आधी नुसत्या भागाकाराने आणि नंतर चाळीस मिनिटे मिळवून सांगा.

आपल्या शहरात आणि नागपुरात सूर्योदयाच्या वेळेत किती मिनिटांचा फरक पडेल? आधी सूर्य कोठे उगवेल?

तुमच्या आजोबांनी किंवा आजींनी केलेला सर्वांत लांबचा प्रवास कोणता, हे त्यांना विचारा. तो किती किलोमीटरचा होता आणि त्याला किती दिवस किंवा तास लागले, ते दहा ओळींत मराठीत लिहा.